बारा मिनिटं आधी

एकोणतिसाव्या मिनिटाला मला धावपट्टी दिसली. पिवळ्या माळावर सरळ, काळी, दोन्ही टोकांना पांढरे पट्टे. मी मांडीला बांधलेल्या फळीकडे पाहिलं. तिच्यावरच्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: सोलापूर ते लातूर, छप्पन नॉटिकल मैल, एक्केचाळीस मिनिटं.

म्हणजे मी बारा मिनिटं आधी पोचले होते.

"वारा मागून असणार," मी मोठ्यानं म्हणाले. विमानात ऐकायला दुसरं कोणी नव्हतंच.

ही १९९९ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी एकवीस वर्षांची होते. वनजा बोद्दुल, सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू आणि दाराबाहेर मराठी बोलणारी. वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, मागांची देखभाल करायचे. वैमानिक व्हायचं हे खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण सरकारी शिष्यवृत्ती मिळाल्यावर त्यांनी नाही म्हटलं नाही. शिष्यवृत्तीला अट एकच होती. शिकताना गंभीर चुकीचा ठपका बसता कामा नये.

सोलापूरच्या विमानतळावर आमचं छोटं फ्लाइंग स्कूल होतं. दोन आसनी तीन विमानं आणि एक गुरू, कॅप्टन तारळेकर. हवाई दलातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्या सकाळी त्यांनी माझा कागद वरून खालून पाहिला, खाली सही केली आणि म्हणाले, "एकटी पहिल्यांदाच दुसऱ्या गावाला चालली आहेस. डोळ्यांना जे दिसेल ते घड्याळाला विचारून घे."

"हो सर," मी म्हणाले. आणि विसरले.

खरं तर त्या आधीच एकदा मला शंका यायला हवी होती. तुळजापूर माझ्या डाव्या हाताला, लांब दिसायला हवं होतं. ते साडेसतराव्या मिनिटाला थेट माझ्या पायाखाली आलं. मी मनाशी म्हटलं, धुक्यानं अंतर कळत नाही. मन एकदा समजूत घालायला बसलं की त्याला काहीही पुरतं.

लातूरच्या विमानतळावर त्या दिवशी आमच्याच स्कूलचे शिवशरण वायरलेस घेऊन बसले होते. मी त्यांना सांगितलं, "धावपट्टी दिसली. उतरतेय."

"उतर. पट्टी मोकळी आहे," त्यांचा आवाज आला. मग थोडं थांबून, "पण तू मला दिसत नाहीयेस."

सूर्य त्यांच्या डोळ्यांवर असेल, असं मी ठरवून टाकलं.

उतरणं मात्र सुरेख झालं. चाकं कधी टेकली ते कळलं नाही. पट्टीवर खडा नाही, गवताचं पातं नाही. मी वेग कमी करत टोकाला आले, विमान वळवलं, आणि इमारत शोधू लागले. लातूरला एक इमारत होती, मनोरा होता, मी फोटोत पाहिला होता. इथे एक पत्र्याची खोली होती. तिच्यापुढे तुळशीचं वृंदावन, आणि दोरीवर वाळत घातलेलं हिरवं लुगडं.

"शिवशरण सर, मी उतरले," मी वायरलेसवर म्हणाले. नुसती खरखर आली. पुन्हा बोलले, पुन्हा खरखर. जमिनीवरून वायरलेस लांब जात नाही, मध्ये टेकाड आलं की संपलं. म्हणजे शिवशरण जवळपास कुठे नव्हतेच.

मी इंजिन बंद केलं.

खोलीच्या बाजूनं एक माणूस धावत येत होता. पन्नाशीचा, खाकी सदरा, धोतर, हातात लांब दांड्याचा खराटा. विमानापासून दहा पावलांवर तो थबकला, खराटा खाली ठेवला, आणि पाय जुळवून त्यानं मला कडक सलाम ठोकला.

मी दार उघडून खाली उतरले. "काका, हे लातूर ना?"

"लातूर?" तो माझ्याकडे, मग विमानाकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहू लागला. "न्हाई बाई. हे चिंचमाळ."

"लातूर किती लांब?"

"एस्टीनं जाल तर दीड तास. इमानाचं मला म्हाईत न्हाई."

मी विमानाच्या पंखाला हात टेकून उभी राहिले. तो माणूस अजून ताठ उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचंसुद्धा त्याला सुचत नव्हतं.

"काका, काय झालं?"

"काय न्हाई," तो म्हणाला. "सहा वर्सं झाली बाई. पट्टी झाल्यापासून मी हितं हाय. पयलं इमान आलं."

त्याचं नाव लिंबाजी कसपटे. सरकारनं माळावर धावपट्टी बांधली, फीत कापायला कोणी आलं नाही, आणि मग ती राहूनच गेली. राखणीला लिंबाजीला ठेवलं. गावातली माणसं पट्टीवर तुरी झोडपायला यायची, ज्वारी पसरायला यायची, त्यांच्याशी तो भांडायचा. शेरडं हाकलायचा. आणि रोज सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी, अशी सगळी पट्टी झाडायचा.

"लोक हासत्यात," तो मला खोलीकडे नेता नेता सांगत होता. "लिंबाजी, इमान कवा यायचं रं? म्या म्हनतो, यील. आलं तर खडा नसावा."

खोलीच्या दारात त्याची बायको उभी होती, सरूबाई. पिठानं भरलेले हात तसेच पुढे धरून ती विमानाकडे पाहत होती. मला पाहिल्यावर ती हसली. "बाईमानूस हाय की हो!"

"बस, लेकी, बस," लिंबाजी म्हणाला. "आदी मला फोन करू दे. मंग पानी, मंग च्या."

"कसला फोन?"

त्यानं भिंतीकडे बोट केलं. चुन्याच्या भिंतीवर लाल तैलरंगात मोठे मोठे आकडे रंगवले होते आणि खाली स्टुलावर काळा टेलिफोन होता. त्याच्यावर विणलेला रुमाल घातलेला.

"इमान उतरलं की लगीच हापिसात कळवायचं, अशी ऑर्डर हाय. सायेब सवता नंबर रंगवून गेल्यात. एकदा बी लावला न्हाई." त्यानं रुमाल काढून घडी घातली. "चालू हाय का ते बगाया रोज उचलतो. आवाज येतो. मंग ठिवतो."

त्यानं रिसीव्हर उचलला आणि मला एकदम भान आलं.

"काका, थांबा! फोन करू नका."

त्याचं बोट आकड्यावरच राहिलं.

मी घड्याळ पाहिलं. सोलापूरहून निघून सदतीस मिनिटं झाली होती. इथून लातूर वीसेक मैल असणार, फार तर पंधरा मिनिटं. आत्ता उडाले तर पंचावन्नाव्या मिनिटाला तिथं उतरेन. समोरून वारा होता, म्हणून उशीर झाला, एवढं म्हटलं की पुरे. धावपट्टी दिसली असं आधी का सांगितलं? तर रस्ता पाहून फसले, म्हणायचं. कोणाला काही कळणार नव्हतं. हा एक फोन सोडला तर.

"मी वाट चुकून आलेय," मी म्हणाले. "मला लातूरला उतरायचं होतं. इथे उतरले हे कळलं तर माझं शिकणं बंद होईल. शिष्यवृत्ती जाईल."

सरूबाईच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"पुन्हा न्हाई मिळायची?" लिंबाजीनं विचारलं.

"नाही."

त्यानं रिसीव्हर खाली ठेवला. घडी घातलेला रुमाल उलगडला, फोनवर नीट पसरला, चारी कोपरे सारखे केले.

"मंग न्हाई करत," तो म्हणाला. "इमान आलंच न्हाई."

"अवो," सरूबाई हलक्या आवाजात म्हणाली, "गावात कुनी खरं मानायचं न्हाई मंग."

"नको मानू दे. लेकराचं नुस्कान करू का?" तो उठला. "बाई, तुमाला सुटाया पट्टी किती लागंल? तुमी उतरताना चाकानं कडंची माती आत आली आसंल. तेवढं झाडून देतो. दमानं जावा."

आणि तो खराटा उचलून गेला.

मी दारातून पाहत राहिले. भर उन्हात तो विमानाच्या पुढे चालत होता, एका लयीत खराटा फिरवत. माझी खूण पुसून टाकायला मला मदत करत होता, आणि त्याबरोबर स्वतःचा तो एक दिवसही पुसत होता. एकदाच थांबला. वळून विमानाकडे पाहिलं, चांगलं निरखून, लक्षात राहावं तसं. मग पुन्हा झाडू लागला.

सरूबाईनं मला पाण्याचा तांब्या दिला. "सहा वर्सांत एक दिस सुट्टी न्हाई घेतली," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. नुसतं सांगितलं.

माझ्या घड्याळात बेचाळीस मिनिटं झाली. म्हणजे लातूरला माझी वेळ होऊन गेली होती. "पट्टी दिसली, उतरतेय" असं सांगून गप्प झालेली मुलगी शिवशरण आता आकाशात शोधत असणार. कॅप्टनसरांना त्यांनी कळवलं असेल. सर माझ्या घरी कळवतील का? ह्यातलं काहीच मघाच्या माझ्या हिशोबात नव्हतं.

मी रुमाल बाजूला केला आणि स्कूलचा नंबर फिरवला. तिसऱ्या प्रयत्नात लागला.

"सर, मी वनजा."

"कुठे आहेस?" त्यांचा आवाज एका क्षणात आला, जणू फोनवर हात ठेवूनच बसले होते.

"चिंचमाळ. लातूर समजून इथे उतरले."

"लागलंय का कुठे?"

"नाही सर."

"विमानाला?"

"नाही."

"चाकांना दगड लाव. पाणी पी. मी निघतो. तोवर विमानाला हात लावायचा नाही." आणि फोन ठेवायच्या आधी, वेगळ्याच आवाजात, "बरं झालं फोन केलास. शिवशरणला रडू फुटायचं बाकी होतं."

मी बाहेर गेले. "काका! राहू दे झाडायचं. तुमचा फोन लावा."

तो खराटा तसाच हातात धरून उभा राहिला. "आन तुमचं शिकनं?"

"मीच सांगितलंय माझ्या सरांना. आता लपवण्यासारखं काही नाही. लावा फोन."

त्यानं आधी रांजणावर जाऊन तोंड धुतलं. खुंटीवरची खाकी टोपी झटकून डोक्यावर घातली. सदऱ्याची वरची गुंडी लावली. मग स्टुलासमोर उभं राहून, भिंतीवरचा एक एक आकडा मोठ्यानं म्हणत त्यानं नंबर फिरवला.

"हॅलो सायेब! चिंचमाळहून लिंबाजी कसपटे. इमान आलंय." पलीकडचा माणूस काहीतरी बोलला. "न्हाई सायेब, पिलो न्हाई. सकाळचे धा वाजल्यात. व्हय, इमान. पांडरं. पुढं एकच पंखा हाय. कोन? बाई हाय. बाईच चालवतीय! न्हाई, चुकून आलीय." त्यानं माझ्याकडे ओशाळून पाहिलं. मी मान हलवली, सांगा म्हटलं. "पर उतरली लई बेस. पट्टीवर खडा नव्हता सायेब. तेवढं लिवून घ्या."

फोन ठेवल्यावर तो जमिनीवर बसला आणि हसायला लागला. सरूबाईही हसायला लागली, आणि मग, काय सांगू, मीही. माझं सगळं बुडालं होतं आणि मी भिंतीला टेकून पोट धरून हसत होते.

दुपारी एकच्या सुमारास कॅप्टन तारळेकरांची जीप आली. जेवण आटोपून आम्ही तिघं शेकोटीवर हुरडा भाजत बसलो होतो. सर जीपमधून उतरले ते माझ्याकडे आले नाहीत. थेट धावपट्टीवर गेले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि चालत परत आले. मध्ये दोनदा वाकून त्यांनी डांबराला हात लावला.

मग माझ्यासमोर बाजेवर बसले. "कागद दे."

मी दिला. त्यांनी न बघता परत माझ्याच हातात ठेवला. "तूच शोध."

मला अर्धं मिनिट लागलं. वारा पूर्वेचा होता. तो मला डावीकडे ढकलणार, म्हणून नाक आठ अंश उजवीकडे धरायला हवं होतं. मी आठ जोडायच्या ऐवजी वजा केले होते. वाऱ्यानं ढकललं डावीकडे, आणि मीही वळले डावीकडेच.

"सोळा अंशांची चूक," मी म्हणाले.

"ती सहीच्या वेळी माझ्याही नजरेतून सुटली. ते मी माझ्या नावावर लिहीन." त्यांनी हुरड्याचे चार दाणे तोंडात टाकले. "उतरल्यापासून फोनपर्यंत किती वेळ गेला?"

"नऊ मिनिटं."

"नऊ मिनिटं काय करत होतीस?"

लिंबाजीनं माझ्याकडे पाहिलं. तो काहीतरी सांगून मला वाचवायच्या बेतात होता, त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी आधीच बोलले.

"लपवायचा विचार करत होते, सर. गुपचूप उडून लातूरला जायचा. काका माझ्यासाठी त्यांचा फोन करणार नव्हते."

सरांनी मान वर केली आणि लिंबाजीकडे बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, "हेसुद्धा रिपोर्टमध्ये लिहायचं. तुझ्या हातानं."

"हो सर."

"तीन आठवडे उड्डाण बंद. शिष्यवृत्तीचं माझ्या हातात नाही. रिपोर्ट वाचून वरचे लोक जे ठरवतील ते." ते उठले. "आता लातूर. जीप ड्रायव्हर परत नेईल. मी उजवीकडे बसतो, विमान तू चालव."

"आत्ता? सर, माझं उड्डाण बंद..."

"उद्यापासून. आज घाबरून घरी गेलीस तर तीन आठवड्यांनी येणार नाहीस."

निघताना लिंबाजी खोलीतून एक गुंडाळलेलं कापड घेऊन धावत आला. नेमणूक झाली तेव्हा त्याला एक दिवस शिकवलं होतं म्हणे: हिरवं निशाण दाखवल्याशिवाय विमान सोडायचं नाही. नियमानं त्या निशाणाला काही अर्थ नव्हता, छोट्या विमानाला तर मुळीच नाही. मी इंजिन सुरू केलं, पट्टीच्या टोकाला आले, आणि सवयीनं वेग वाढवायला हात पुढे नेला. सरांनी माझं मनगट धरलं.

"थांब. सिग्नल झाला नाही अजून."

लिंबाजी पट्टीच्या कडेला पाय जुळवून उभा होता. त्यानं आकाशात डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, अगदी सावकाश. मग घडीच्या खुणा उमटलेलं ते कोरं हिरवं निशाण वर केलं.

मी रिपोर्ट लिहिला, पावणेचार पानं. दीड महिन्यानं उत्तर आलं. शिष्यवृत्ती चालू ठेवली होती. कारण एका ओळीचं होतं: चूक विद्यार्थिनीनं स्वतः कळवली आहे. त्याच पाकिटात आणखी एक कागद होता, तो सरांनी मागितला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. चिंचमाळची धावपट्टी सुस्थितीत असल्यानं सरावासाठी वापरायला हरकत नाही. सोबत, राखणदार लिंबाजी कसपटे ह्यांना कायम करण्याची शिफारस.

त्यानंतर पंचवीस वर्षं मी विमानं उडवली. मोठी उडवली, लांबची उडवली. पण मला विचाराल तर माझं खरं पहिलं उड्डाण त्याच वर्षी मार्चच्या सुरुवातीचं. सोलापूर ते चिंचमाळ, चाळीस मैल, अठ्ठावीस मिनिटं. ह्या खेपेला कागदावर चिंचमाळच लिहिलेलं होतं आणि मी बरोब्बर अठ्ठाविसाव्या मिनिटाला उतरले. गावातली चाळीस-पन्नास माणसं पट्टीच्या बाहेर, लिंबाजीनं आखलेल्या चुन्याच्या रेघेमागे, शहाण्यासारखी उभी होती.

सरूबाई चुलीपुढे होती. "सोलापुरास्नं कवा निगालीस?" तिनं विचारलं.

"अर्धा तास झाला नाही, मावशी."

"आत्ता गं बाई! दोन माणसांच्या भाकरी व्हत न्हाईत तेवढ्यात." तिनं परातीत पीठ ओतलं. "बस मंग. तुजी थापते."

"मावशी, मला दहा मिनिटांत परत निघायचंय. वेळ लिहून दिलेली असते."

"कागदाला काय कळतंय? उपाशी जायचं न्हाई."

मी बसले. गरम भाकरी, ठेचा, वर कच्चं तेल. लिंबाजी दारात उभा राहून गावाकडे पाहत होता आणि अधूनमधून टोपी नीट करत होता. वीस मिनिटं उशीर झाला. परत गेल्यावर कॅप्टनसरांनी कागद मागितला. उशीर का झाला त्या रकान्यात मी काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि खाली सही केली.

मी लिहिलं होतं: भाकरी.